वाऱ्याला पाठ देऊन

बीड

प्रिय अजिनाथ,

तुला पत्र लिहायला बसले आणि आधी हसूच आलं. तीन वर्षं कंट्रोल रूमच्या फोनवर दिवसातून दहादा तुझा आवाज कानावर पडतो, तरी आपलं बोलणं तेवढंच: अ‍ॅम्ब्युलन्स कुठे, पेशंट कसा, किती वेळ लागेल. प्रशिक्षणाच्या वर्षी नारायणगडाच्या यात्रेत आपली ड्यूटी होती. पायरीवर बसून तू मला अर्धी भाकरी दिलीस आणि लग्नाचं विचारलंस. घरी सांगायला मी धजले नाही. मग मनिषा लग्न होऊन तुझ्या घरी आली. चांगली आहे ती, मनापासून म्हणते.

गेवराईच्या त्या दुपारचं मी कुणाशीच बोलले नाही. जनावरांच्या, पण माणसालाही लागणाऱ्या रोगाचे नमुने नेणारी गाडी हायवेवर उलटली, खोकी फुटली, ड्रायव्हर आश्रुबा खाली अडकला. सगळ्यात जवळ तू होतास, आणि तुझ्या गाडीतले संरक्षक पोशाख संपलेले. ते घेऊन बीडहून गाडी निघाली, पण तिला पस्तीस मिनिटं लागणार होती. एका फोनवर मी पोलिसांना रस्ता अडवायला सांगत होते, दुसऱ्यावर दवाखान्यात वेगळा वॉर्ड रिकामा करून घेत होते. तिसऱ्यावर तू. “लई रगत जातंय गं. मानूस समोर तडफडतंय, थांबू कसं?” मी म्हणाले, “थांब. कंट्रोलचा हुकूम आहे.”

तू थांबलास. वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिलास, लांबून पट्टी फेकलीस, ओरडून ओरडून आश्रुबाला ती मांडीवर आवळायला लावलीस. तो वाचला, पाय मात्र गेला. तिसऱ्या दिवशी अहवाल आला, नमुन्यांत काहीच नव्हतं. तेव्हापासून तू मला नावानं हाक मारली नाहीस.

चौकशीत माझा निर्णय नियमाला धरून ठरला. साहेबांनी शाबासकीही दिली. पण नियम मला नंतर आठवला, अजिनाथ. ‘थांब’ म्हणाले तेव्हा डोळ्यांपुढे फक्त तू होतास. तुझ्या जागी सिरसाळ्याच्या अ‍ॅम्ब्युलन्सवरचं कुणी असतं, तर त्याला मी अडवलं असतं का? ठाऊक नाही, आणि तेच सहन होत नाही.

म्हणून मी ती खुर्ची सोडली. उद्यापासून गेवराईचे फोन धनश्री घेईल. हुशार आहे, तिचं ऐकत जा. आश्रुबाच्या पायाचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, तो माझा आहे. आज ड्यूटी संपताना तू म्हणालास, “बीड कंट्रोल, गाडी मोकळी.” मी “ठीक” म्हणाले. तू फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ तो कानाला लावून बसले होते.

म्हणायचा हक्क नाही, तरी तुझीच,
सत्यशीला