नोट चुगली करत नाही

शुक्रवार, मुलुंड

दमले आज. शाळेने नव्हे, नवऱ्याच्या एका प्रश्नाने.

गेल्या महिन्यात सुहासनेच माझ्या मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया सुरू करून दिला. "अगं, नोटेसारखाच आहे, फक्त चुरगळत नाही," म्हणाला. आज चहा पिता पिता माझ्या मोबाइलवरची व्यवहारांची यादी बघत विचारतो, "घाटकोपरला कोणाला पैसे दिलेस गं?" राग नाही, संशय नाही, सहजच. मी म्हटलं, "शाळेच्या कामाचे." खोटं.

"नीट सांग ना. चूक नाही तर लपवायचं काय?"

चूक नाहीच. पण चूक नसलेलंही माझं एकटीचं असू शकतं ना? नोटेसारखाच म्हणे! नोट कधी घरी येऊन चुगली करत नाही.

सुहास निदान समोर बसून विचारतो. त्याच्याशी भांडता येतं. पुढे सगळाच पैसा असा झाला, तर बँकेतून, सरकारातून कोण बघतंय ते कळणारही नाही. त्यांच्याशी भांडायला कुठे जाऊ?

उद्यापासून रोखच. घाटकोपरला कशाला गेले होते, ते इथेही लिहीत नाही. ही वही कपाटात असते, आणि कपाटाची चावी दोघांकडे आहे.