बादली आत न्यायची की नाही

१२ जाने.
सूचनापेटीचा खरा खर्च: पत्र्याची पेटी, कुलूप, नारळ, पेढे, शिवाय उद्घाटनापायी सकाळची गुलाबतोडणी लांबली. आज उघडली. आत गुटख्याच्या रिकाम्या पुड्या आणि एक चिठ्ठी, 'चहा पातळ झालाय.' झालाय खरा.

१८ जाने.
बायकोनं पॅकिंग शेडमध्ये कामावरच्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं. मी पार्टिशनपलीकडं. कान अलीकडं. अलका, दिवाळीपासूनची आपली मुकादम, तिचा उखाणा:
'गुलाब तोडला की पाणी मिळतं उशिरा,
संतोषरावांचं नाव घेते, भाऊ, नियम विसरा.'
हशा. मी ऐकतोय हे तिला पक्कं ठाऊक.
नियम माझाच. पाण्याची बादली पॉलिहाऊसच्या आत न्यायची नाही. सांडलं की ओल, ओल की बुरशी. म्हणून फुलं कोरडीच शेडपर्यंत येतात आणि लोणावळ्याला पोचेतो माना टाकतात. पेटीत पडलं नाही ते बाईनं नवऱ्याच्या नावात घालून तोंडावर मारलं. मानलं!

१९ जाने.
अलकाला बोलावलं. 'गंमत हुती, भाऊ. मनाव घेऊ नका.'
म्हटलं, चार नंबरच्या पॉलिहाऊसात बादल्या आत न्या, बघू.
'आन् बुरशी आली तर? पेठंत म्हंतील, बाई मुकादम केली आन् बाग बसवली. माजी मुकादमी जायाची.'
बुरशी आली तर चूक माझी, म्हटलं.
'मंग समद्यांम्होरं म्हना.'
म्हटलं. सगळ्यांसमोर.

२४ जाने.
लोणावळ्याच्या डेकोरेटरचा फोन. एरवी शिव्या द्यायलाच करतो. आज, 'शेठ, माना ताठ!'
जेवताना बायकोला ऐकवलं, मालकात जिगर होती म्हणून बादली आत गेली. मावळात असा दुसरा दाखव.
ती: 'भाकरी घ्या.'

२९ जाने.
चार नंबरात एका पानावर राखाडी डाग. बुरशी, की फवारणीचा थर? दोन दिवसांत कळेल. अलकानं डबा उघडला नाही. दर तासाला पान उलटून बघते. माझं वचन कायम, पण तिला झोप लागेल का...
डेकोरेटरला सावध केलं. तो म्हणतो, 'असा ताठ माल बुधवारी तर तुमचा पहिल्यापासून येतो की.'
अलकाला विचारलं, बुधवारी काय करता गं?
खाली बघत, 'बादल्या आत न्हेतो. पन आठवड्यातनं येकदाच, भाऊ.'
बुधवारी मी पुण्याला असतो.