दुसऱ्या रकान्यातली सही

प्रिय शंकासुर,

दोन वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. बघ खुशाल. मान दुखते, म्हणून ओळी खाली उतरत जातात. बाकी अक्षर तेच.

आपली संगणक विभागाची खोलीही तीच. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेमागची, बिनखिडकीची. तुझ्या टेबलावर आता रिकामी खोकी ठेवतात. थोरलीला नोकरी लागली, ती लांब गेली. धाकटा घरात असून नसल्यासारखा. आमचे हे निवृत्त झाल्यापासून दिवसभर जुनी घड्याळं दुरुस्त करतात, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी घरी येते, चहा करते आणि तो गार होईपर्यंत कप धरून बसते. दमले गं.

तू नवीन आलीस तेव्हा मला तुझा रागच यायचा. सॉफ्टवेअर उतरवून घेतलं की मी बसवायला निघायची आणि तू म्हणायचीस, थांब. त्या फाइलीवरून संगणक अक्षर-आकड्यांची जी लांबलचक ओळ काढून देतो, ती बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या ओळीशी तू अक्षर न् अक्षर ताडून बघायचीस. पहिली चार आणि शेवटची चार जुळली की झालं, असं मी म्हटलं, तर तू एका फाइलीतला एकच स्वल्पविराम बदलून दाखवलास. अख्खी ओळ पालटली. एवढ्यावरही तुझं समाधान नव्हतं. चोर संकेतस्थळातच शिरला, तर फाइलही बदलेल आणि शेजारची ओळही, हे तुझं म्हणणं. म्हणून बनवणाऱ्यांची डिजिटल सही, जी फक्त त्यांनाच करता येते, तपासायचीच, आणि तीसुद्धा आपल्याकडे आधीपासून जपून ठेवलेल्या त्यांच्या चावीने, म्हणजे ती सही खरी की खोटी हे सांगणाऱ्या आकड्यांनी. दुधाने तोंड पोळलेलं नसताना ताक फुंकून पिणारी बाई, अशी तुझी ख्याती मीच साऱ्या मजल्यावर केली; तुझं नाव शंकासुर ठेवलं, आणि तू माझं उरकबाई.

वहीही तुझ्याच आग्रहाने आली. ओळ जुळली की पहिल्या रकान्यात मी सही करायची, डिजिटल सही जुळली की दुसऱ्यात तू. दोन्ही रकाने भरल्याशिवाय काही बसवायचं नाही.

तो मंगळवार. दुपारी तुझ्या मुलाला शाळेत ताप भरल्याचा फोन आला आणि तू निघालीस. नवीन आवृत्ती आली तर उद्यापर्यंत थांब, असं जिन्यातून सांगून गेलीस. ती तासाभरात आलीच. जुन्या आवृत्तीवर यंत्रं अडखळत होती, अहवाल अडकले होते, बाहेर माणसं ताटकळली होती, आणि प्रयोगशाळेच्या बाईंचा दर दहा मिनिटांनी फोन. मी ओळ ताडली. जुळली. मग तुझं काम मीच करायला घेतलं आणि डिजिटल सही तपासली. जुळली नाही. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, ही सही खरी नाही. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, त्यांनी चावी बदलली असेल, कळवायचं राहिलं असेल. त्यांना एक फोन करून विचारता आलं असतं. मी बसवून मोकळी झाले.

पुढचं तू पाहिलंस. ती आवृत्ती चोरानेच बदललेली निघाली; दुसऱ्या सकाळी सगळे संगणक कुलूपबंद, एकही फाइल उघडेना. नऊ दिवस अहवाल हाताने लिहिले. त्या गोंधळात दोघांचे अहवाल आपसात बदलले आणि एका आजोबांना दोन दिवस नको ते औषध गेलं. ते सावरले. पण त्यांची सून तो चुकीचा अहवाल घेऊन आपल्या दारात येऊन उभी राहिली होती, ती मला अजून दिसते.

चौकशीत वही उघडली. पहिल्या रकान्यात मी, दुसऱ्यात तू. मी म्हणाले, ओळ जुळली होती, माझं काम मी केलं. मग साहेबांनी वही तुझ्यापुढे सरकवली. तू सहीवर बोट ठेवून ती पाहिलीस.

"अक्षर माझंच दिसतंय," तू म्हणालीस. "घाईत निघाले होते. आधीच्या सह्या करताना खालच्या कोऱ्या जागेतही न बघताच केली असेन."

महिन्याभरात तू राजीनामा दिलास. निरोपाला मी आले नाही, डोकं दुखण्याचं निमित्त सांगितलं.

परवा रक्त काढणाऱ्या ताई भेटल्या. तू छापखान्यात मजकूर तपासतेस म्हणाल्या. एकेक पान तीनतीनदा वाचतेस, आणि कुणी हसलं तर सांगतेस, माझ्या नजरेचा मलाच भरवसा नाही. ते ऐकून मी घरी आले आणि कागद घेऊन बसले.

तुझ्या नजरेत काही खोट नाही. ती सही तू केलीच नव्हतीस. तू गेल्यावर तुझी दोन आद्याक्षरं मी गिरवली, तुझ्याच टेबलावरचं पेन घेऊन. रोज शेजारच्या रकान्यात बघत होते, सहज जमली. तू ती आपली म्हणालीस तेव्हा मी तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी पान उलटलं आणि मी पुन्हा मिटलं. आज सकाळी हे सगळं साहेबांना लेखी दिलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ते तुला बोलावतील. माझ्याकडे बघून सांभाळून घेऊ नकोस. क्षमा मागायला तोंड नाही, उत्तराचीही वाट बघत नाही. त्या मंगळवारी तू आजारी मुलाला आणायला गेलीस. एवढंच केलंस.

तुझीच म्हणवायचा हक्क उरला का, ते आता तू ठरवशील,
उरकबाई