दोन हिरवे ठिपके

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज कोरगावच्या दूध संस्थेत आमच्या सेक्रेटरीने, दत्तारामने, जुना इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावरून काढला. "वहिनी, नवो काटो येता. हो आता भंगारात." रोज याच काट्यावर दूध घालते, पण तो उलटा करून कोण बघतं? आज बघितला. तळाच्या स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचे दोन ठिपके!

तुयेच्या आमच्या कंपनीत हे काटे बनायचे. टेस्टिंगला आम्ही आठजणी, प्रत्येकीचा रंग वेगळा. काटा तपासला की स्क्रूवर आपला ठिपका. हिरवा माझा. काटा बिघडून परत आला तर कामतसर सगळ्यांसमोर रंग बघायचे. जिचा रंग, तिनेच तो दुरुस्त करून दुसरा ठिपका लावायचा. इतक्या वर्षांत माझा एकच परत आला. घाईत सोल्डरचा एक कच्चा जोड नजरेतून सुटला होता. त्या दिवशी डबा उघडलाच नाही मी.

तोच हा. कंपनी बंद पडली, आम्ही आठजणी आठ दिशांना गेलो, आणि हा इथे मुकाट दूध मोजत होता? मी दत्तारामला पाच किलोचं वजन ठेवायला लावलं. नेमके पाच!

मग त्याला ठिपका दाखवला, माझा म्हणून.

"आनी हो दुसरो?"

काहीतरी सांगून टाळावं वाटलं. पण का टाळू?

"तो जास्त माझा," मी म्हटलं.