अप्पांचा एक इंग्रजी शब्द

अप्पा,

तुम्हाला इंग्रजी एवढंच येत होतं, फिट. तेवढ्यावर तुम्ही सगळा संसार भागवलात. रेल्वेच्या यार्डात डब्याच्या चाकावर हातोडा मारला आणि ते खणखणलं, की फिट. आमटीत मीठ नेमकं पडलं, फिट. शिंप्यानं सदरा बेताचा शिवला, फिट. अक्काला बघायला आलेला अळणावरचा मुलगा, टक्कल असूनही, फिट. त्यावर अक्का चुलीपुढूनच म्हणाली, "अप्पा, त्याला हातोडा मारून बघितलात का?" तुम्ही हसलात, मग खोकलात, आणि खोकतच राहिलात. तिनं पाणी दिलं. "काय होतंय?" "काय नाही गं. फिट."

आपल्याच गावात, लॅमिंग्टन रोडवर माझं दुकान आहे आता. बिघडलेलं ऑइल इंजिन आणलं की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी लांबूनच ऐकून सांगतो. परवा व्यापाऱ्यांनी हार घातला. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस म्हणाले. मी हात जोडले. हे कान कुणी दिले ते सांगितलं नाही. बाजारात एक माठ घ्यायला तुम्ही दहा माठ वाजवून बघायचा आणि कुंभारीण कानडी-मराठीत वैतागायची, "साकु, अप्पा! पुरे! मडकं आहे हे, मालगाडी नव्हे!" तुम्ही माझी मान धरून खाली वाकवायचा. "ऐक की नीट. चांगल्याचा आवाज लांब जातो. तडा असला की जागच्या जागी मरतो."

मग ती सकाळ. मी विशीतला. आई परसात भांडी घासते आहे, आणि तुम्ही चुलीपाशी सदरा काढून बसला आहात. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. म्हणता, "आज रेल्वेच्या डॉक्टरला दाखवावं म्हणतोय. पण अनफिट लिहिलं त्यानं, तर घरी बसवतील. कारखान्यात घेतात ते कामावर असलेल्याच्या मुलाला आधी. तुझं बोलावणं अजून यायचंय." तुम्ही माझ्याकडे पाठ करता. "कान लाव. ऐक आणि सांग. तू म्हणशील ते."

मी कान लावला. पाठ तापलेली, ग्रीसचा वास. श्वास आत गेला, आणि उजव्या बाजूला जागच्या जागी मेला. पुन्हा गेला, पुन्हा तिथंच. तो आवाज ओळखायला तुम्हीच शिकवलं होतंत.

"फिट, अप्पा," मी म्हणालो.

तुम्ही वळून बघितलं नाही. गुंड्या लावल्या, हातोडा उचलला. "मग झालं."

सहा आठवड्यांनी माझं बोलावणं आलं, तेव्हा तुम्ही कामावर होता. त्यानंतर अकराव्या दिवशी दोन डब्यांच्या मध्ये टेकायला म्हणून बसलात ते उठला नाहीत. चौघांनी घरी आणलं. त्यातला एक आईला समजावत होता, "कालपर्यंत तर फिट होते हो." मी तिथंच उभा होतो. त्या कारखान्यात सात वर्षं काम शिकलो आणि मग दुकान काढलं. हिंमत म्हणतात ती हीच. माठ मात्र मी वाजवून घेत नाही, बायकोला पाठवतो.

एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. तुमचे कान माझ्याहून तिखट. हजारो चाकं ऐकलेल्या माणसाला माझ्या त्या दोन शब्दांतला तडा कळला नसेल? कळला, आणि तरी तुम्ही सदरा घातलात. हा विचार क्षमेसारखा गोड लागतो, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. आत्ता दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून बघितलं. बाकी सगळं नीट वाचता आलं. त्या दोन शब्दांपाशी आवाज अजून जागच्या जागी मरतो.