आरसा रिकामा होता

मुलुंड,
ता. १० फेब्रुवारी १९८५

ती. सौ. वनूताईस,
गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर टाकलं नाही म्हणून मालन रोज बोलते, पण हातच उठत नव्हता. भावोजींचा दमा थंडीत वाढला असेल. कळव.

इकडे एक वाईट गोष्ट घडली. चोवीस तारखेला सकाळी शेठना घाटकोपरच्या दुकानात सोडायला निघालो होतो. भांडुपला डावीकडे पेट्रोल पंपात वळायचं होतं. सिग्नल दिला, डावीकडच्या आरशात बघितलं, आरसा रिकामा होता. वळलो आणि मागच्या दरवाजावर धाडकन आवाज झाला. भाऊराव म्हणून एक शिंपी सायकलवरून कामाला चालले होते. गुडघा फुटला. पायमशीन चालवणारा माणूस गं! मीच उचलून इस्पितळात नेलं.

नंदकिशोर शेठ मागे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पोलिसांना सांगितलं की सायकलवाला आपणहून अंगावर आला, ड्रायव्हरचा काही दोष नाही. मीही तसंच लिहून दिलं. वीस वर्षांत माझ्या हातून गाडीला ओरखडा नाही, त्यामुळे सगळ्यांना पटलं. तू काळजी करू नकोस. आरसा खरंच रिकामा होता.

हल्ली मी फार दमतो, ताई. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार, आणि आमची आठवण असू दे.

तुझा,
गुणाजी

कणकवली,
ता. १९ फेब्रुवारी १९८५

चि. गुणाजीस,
वनूताईचे अ. उ. आशीर्वाद.

ह्यांचा दमा आहे तसाच आहे. बसून झोपतात, म्हणजे मीही बसूनच. तक्रार नाही, तू विचारलंस म्हणून लिहिलं.

आरसा रिकामा होता हे तू दोनदा लिहिलंस. मान वळवून बघितलंस का, ते एकदाही लिहिलं नाहीस. मला मेलीला गाडीतलं काय कळतंय? पण गणपतीला आलास तेव्हा मागून हाक मारली की तू सगळाच्या सगळा वळायचास, बैलगाडीसारखा. मी हसले होते. मालनला विचारलं तर म्हणाली, उशी बदलली की बरं होईल. आता हसू येत नाही.

मला खरं काय ते लिही. मी काही पोलीस नाही. आणि त्या शिंप्यांना भेटून आलास का? इस्पितळात नेलंस ते बरं केलंस, पण नंतर? जेवणाकडे लक्ष दे. चिडलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
वनूताई

मुलुंड,
ता. १७ मार्च १९८५

ती. सौ. वनूताईस,
गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडलोच. मान वर्षभर वळत नाही, ताई. मणके झिजलेत. डॉक्टरने मानेला पट्टा दिलाय, पण तो लावून गेलो तर शेठ कामावर ठेवणार नाहीत, म्हणून ट्रंकेत टाकला. नुसत्या आरशांवर भागवत होतो.

गेल्या रविवारी गॅरेजमधल्या लवूला म्हटलं, गाडीच्या डाव्या अंगाने मागून पुढे चालत ये. मी सीटवर बसून बघत होतो. आधी तो आतल्या आरशात दिसला, मग बाहेरच्या. मागच्या दरवाजापाशी आला आणि दोन्हींतून दिसेनासा झाला. तीन पावलं लवू कुठेच नव्हता. मान वळवली असती तर काचेतून सरळ दिसला असता. नव्या ड्रायव्हरांना मीच सांगत आलोय, आधी आरसा बघा आणि मग मान वळवा. भाऊराव त्या तीन पावलांत होते.

दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन जबाब बदलला. हवालदार म्हणाला, मिटलेलं कशाला उकरतोस रे? शेठनी फक्त चावी मागितली. कोर्टाची तारीख पुढल्या महिन्यात आहे. लायसन राहील असं वाटत नाही. मालन रडली, मग म्हणाली की निदान आता पट्टा तरी लावा.

त्याच दिवशी चौकीतून भाऊरावांकडे गेलो होतो. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर बसून काजं-बटणं करत होते. मला बघून त्यांनीच माफी मागितली. नीट आठवत नाही, पण सगळे म्हणतात त्या अर्थी माझंच चुकलं असणार, म्हणाले. डोळे उघडे ठेवून सायकल चालवत नाही म्हणून बायको त्यांना रोज ऐकवत होती. ताई, मला तिथे बसवेना. मी म्हटलं, तुम्ही सरळ चालला होतात, मीच मान वळवून बघितलं नाही.

त्यांनी हातातला सदरा खाली ठेवला. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी बायकोला आतून बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, आता हे हिच्यासमोर परत सांगा.

मी सांगितलं. पहिल्यापासून.

लोभ आहेच, रागही असू दे.

तुझा,
गुणाजी