थोडा धूर आत राहू दे

बाबा, तुमचा जेवणाचा डबा अजून माझ्याकडे आहे. रविवारी तो मिलमध्ये पोचवणं माझं काम होतं. अजून दिसतं: मी कॉन्व्हेंटच्या सहावीत आहे, आणि तुम्ही जालन्याच्या त्या सळयांच्या रोलिंग मिलमध्ये, कोळशाच्या भट्टीसमोर, गमछ्याने तोंड पुसत उभे आहात. तुमची नजर चुकवून मी हवेची झडप पूर्ण उघडते. ज्वाळा पांढरीशुभ्र होते, मी टाळ्या वाजवते. तुम्ही माझा हात झटकता. "नुसती हवा दिली की भडकती ती. लोखंड जळून राह्यलं, दिसत न्हाई का? थोडा धूर आत राहू दे, मंग बराबर तापतं." हवा कमी करून तुम्ही धुराड्याची झडप बोटभर लोटता. ज्वाळा निवते. मी रडते, तर डब्यातला गूळ माझ्याच हातावर ठेवता.

पुढे मी कोळशाचंच शिकले. पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आले तेव्हा खोकला तुम्हाला बोलू देत नव्हता. मी सांगितलं, आम्ही हवेतला नायट्रोजन वगळून, जास्त ऑक्सिजन असलेल्या वायूत कोळसा जाळतो. मग धुरात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच उरतो, तो धरून ठेवणं सोपं जातं.

"धरून? कशात, पोत्यात?" हसता हसता तुम्हाला ढास लागली. मग हळूच म्हणालात, "मह्या भट्टीचा एवढा धूर कुठं गेला असंल गं?"

मला बस गाठायची होती. "तुम्हाला नाही कळायचं ते, बाबा," म्हणाले. दिवाळीआधी तुम्ही गेलात. उत्तर मला येत होतं. तो हवेत आहे, बाबा, आणि थोडा तुमच्या छातीत राहिला.

वर्षभराने आमची प्रयोगाची भट्टी ऑक्सिजनवर इतकी तापली, की राख वितळून भिंतींना काचेसारखी चिकटली. सगळे कोळसा कमी करत बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे तुमचा हात होता. मी म्हणाले, बाहेर जाणारा धूर आणखी थोडा आत फिरवून बघू या. ज्वाळा निवली. साहेबांनी विचारलं, "कुठून सुचलं?"

"कुठेतरी वाचलं होतं."

शाळेतसुद्धा मी, वडील मिलच्या ऑफिसात आहेत, असंच सांगायची. आता मीही निवृत्त झाले, विचारणारं कोणी उरलं नाही. हा कागद घडी करून तुमच्या डब्यात ठेवते आहे. वाचलं नव्हतं मी कुठेच, बाबा.